बिनपाण्याची हजामत

२८ जून २०२० ला महाराष्ट्रातली सलून पुन्हा उघडली. तीन महिने शटर खाली होतं. पण परवानगीत एक मेख होती. केस कापा, डाय करा, पण त्वचेशी संबंध येईल असं काही करू नका. म्हणजे दाढी नाही.

मी तेव्हा वर्क फ्रॉम होममुळे हिंजवडीहून जाफराबादला घरी आलो होतो. त्या सकाळी पप्पांनी दुकानासमोर सडा मारला, आरसे पुसले, खुर्चीला नवीन कव्हर घातलं आणि मग फळीवरच्या शेव्हिंग क्रीमच्या ट्यूबा एकेक करून खोक्यात भरायला घेतल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लग्नसराईसाठी भरलेला माल होता तो. "कात्री चालते, वस्तरा चालत नाही. हातरुमाल बांधून कोणी दाढी करतं काय," एवढंच म्हणाले आणि खोकं घरी पाठवून दिलं.

त्या खोक्यामुळे हा लेख सुचला. पुण्यात असताना मला एक महागडं वेड लागलं होतं. ब्रश, साबणाची वडी, वाडगा, जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर. या छंदातली माणसं साबणाचं एका गुणावरून मोजमाप करतात: पातं त्वचेवरून किती निसटतं. त्याला ती 'स्लिकनेस' म्हणतात. पहिल्या पगारातून मी इटलीचं 'प्रोरासो' मागवलं होतं, ते हिरव्या डबीतलं, निलगिरीच्या वासाचं. घरी सांगितलं नव्हतं. न्हाव्याच्या पोरानं दाढीच्या साबणावर इतके पैसे घालवले, हे सांगायचं कसं?

आमच्याकडे स्लिकनेसला शब्द नाही. निसरडेपणा म्हणावं तर ती पावसाळ्यातल्या वाटेची तक्रार वाटते. बुळबुळीत म्हटलं की शेवाळ आठवतं. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "वस्तरा पळतो किंवा अडतो. तिसरं काय असतं?"

मग मी ठरवलं की मोजायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं डोक्यात होतं: उतारावर वस्तू ज्या कोनाला घसरायला लागते, त्या कोनावरून घर्षण काढता येतं. दुकानातल्या फुटक्या आरशाचा तुकडा घेतला, त्यावर फेस पसरला, वर एक सपाट वजन ठेवलं आणि मोबाइलमधल्या लेव्हल ॲपनं कोन मोजला. दोन दिवस हा उद्योग केला. काचेवर सगळंच घसरलं. ट्यूबमधलं क्रीम, वडीचा साबण, डब्यातला फोम, आईचं भांडी घासायचं लिक्विड, सगळं जवळपास सारखंच. पप्पा खुर्चीत बसून बघत होते. शेवटी उठले, माझ्या गालावर ओलं बोट फिरवलं आणि म्हणाले, "काचेला दाढी येते का?"

खरं होतं. शिवाय ओल्या त्वचेचं वागणं काचेपेक्षा निराळं असतं. पाण्यानं केस मऊ होतात, त्यामुळे ते कापायला जोर कमी लागतो. पण नुसत्या पाण्यानं भिजलेल्या त्वचेवर घर्षण वाढतं. आंघोळीनंतर अंग नीट न पुसता जीन्स चढवून बघा. म्हणजे पाणी केसाच्या बाजूनं काम करतं आणि कातडीच्या बाजूनं विरोधात जातं. साबणाचं खरं काम इथे सुरू होतं. पातं आणि कातडी यांच्यामध्ये तो एक पातळ थर धरून ठेवतो. त्या थरातही मुख्यतः पाणीच असतं, फक्त पळून न जाणारं.

तरी मराठीत एखाद्याला पुरतं लुबाडलं किंवा झाडलं की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्यानं केली. बिनसाबणानं केली असं कोणी म्हणत नाही. म्हण झाली त्या काळी साबण दाढीत आलेलाच नव्हता, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ते लक्षात आणून दिलं आबांनी.

आबा म्हणजे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे. जाफराबादजवळच्या एका खेड्यात ते बलुतेदार होते. काखेत धोकटी, तिच्यात दोन वस्तरे, सहाण, चामड्याचा पट्टा, नखं काढायची नहरणी, छोटा आरसा आणि पितळेची वाटी. सकाळी निघायचं, घरोघरी ओट्यावर बसायचं. वाटीत पाणी त्या घरानं द्यायचं. पैसे नाहीत. सुगी झाली की खळ्यावर जायचं आणि वर्षाचं बलुतं घ्यायचं, ज्वारी, बाजरी, थोडी डाळ. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही सगळी व्यवस्था तपशिलानं आलेली आहे. आबांनी ते पुस्तक पाहिलेलंही नाही, त्यांना ती व्यवस्था पाठ आहे.

"साबण कुठला? पाणी. आन् बोटं," आबा म्हणाले. गालावर पाणी लावायचं आणि चोळत राहायचं. बोलत राहायचं. कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कोणाची म्हैस व्याली. गप्पा म्हणजे टाइमपास नव्हता, तेवढा वेळ केसांना पाणी प्यायला लागत होता. केसांवर अंगाचं तेल असतं, ते पाणी आत शिरू देत नाही. साबण ते तेल धुऊन टाकतो म्हणून त्याच्यानं केस लवकर भिजतात. आबांकडे साबण नव्हता, त्यांनी त्याच्या जागी वेळ वापरला. पाण्यामुळे कातडी चिकट होते, तर त्यांनी ती अंगठ्यानं ताणून धरली, वस्तरा आखूड आखूड चालवला आणि दर दोन-तीन फटक्यांनी बोट पुन्हा बुडवलं. आजच्या स्टेनलेस ब्लेडच्या धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिसूक्ष्म लेप असतो, त्यामुळे पातं स्वतःच थोडं निसटतं असतं. आबांच्या लोखंडी वस्तऱ्याला असलं काही नव्हतं. सगळी मदार पाण्यावर आणि हातावर.

जाता जाता शब्दांबद्दल. हजामत हा शब्द अरबी 'हिजामा'वरून आला, आणि हिजामा म्हणजे दाढी नव्हे तर तुंबड्या लावून रक्त काढणं. हज्जाम हा मुळात ते करणारा. वस्तरा फारसी उस्तुऱ्याचा सोयरा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, गावाचं नाव जाफरखानावरून, तेव्हा धोकटीतही अरबी-फारसी असणारच. आमच्या भागाचा इतिहास विचारला की लोक असईची लढाई सांगतात. २३ सप्टेंबर १८०३, वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला ती. त्या लढाईवर इंग्रजीत शेल्फ भरून पुस्तकं आहेत. आबांच्या वाटीवर एकही नाही, म्हणून मी हे लिहितोय.

साबण आमच्या घरात कधी आला? आधी आला तो नवरदेवासाठी. आबांच्या धोकटीत एक गोल वडी फडक्यात गुंडाळलेली असायची. लग्नात नवरदेवाला आणि एरवी फक्त पाटलाला. बाकीच्यांना पाणी.

त्या वडीमागची गोष्ट मुंबईची आहे. विलायती साबणात बहुतेक वेळा जनावरांची चरबी असायची. अर्देशीर गोदरेज आधी कुलुपांच्या धंद्यात होते, त्यांनी १८९७ मध्ये ते काम सुरू केलं होतं. १९१८ च्या सुमारास त्यांनी वनस्पती तेलाचा 'चावी' छाप साबण आणला. जाहिरातीच्या इतिहासात त्याला जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण म्हणतात, ते मला पटत नाही, कारण ऑलिव्ह तेलाचा साबण भूमध्य समुद्राकाठी कित्येक शतकं होत होता. पण इथल्या स्वयंपाकघरात आणि देवघराशेजारच्या न्हाणीत बिनदिक्कत नेता येईल असा साबण ही मोठी गोष्ट होती, आणि ती स्वदेशीच्या ऐन काळात घडली.

दाढीच्या साबणात मात्र चरबी काढून टाकणं सोपं नव्हतं. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल जास्त असतं. त्याचा फेस झटकन येतो, बुडबुडे मोठे, आणि तितक्याच झटकन बसतो. आंघोळीला ठीक. दाढीला लागतो बारीक, दाट, गालावर थांबणारा फेस, तो स्टिअरिक आम्लातून येतो आणि ते चरबीत भरपूर असतं. वनस्पती तेलातून ते मिळवायचं तर तेलात हायड्रोजन सोडावा लागतो. 'डालडा' १९३७ मध्ये बाजारात आला, त्याच्यामागची प्रक्रिया हीच; तेल अर्धवट कडक केलं की वनस्पती तूप, पुरतं कडक केलं की स्टिअरिकच्या जवळ. दुसरा फरक क्षाराचा. कॉस्टिक सोड्यानं साबण कडक होतो, पोटॅशनं मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा. वडीत दोन्ही असू शकतात. ट्यूबमध्ये बहुधा पोटॅश. घरातल्या कुठल्याही शेव्हिंग क्रीमच्या पाठीवर वाचा: पाणी, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, या चौघांची नावं सापडायची शक्यता फार मोठी. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. पप्पांच्या खोक्यातल्या सगळ्यात स्वस्त ट्यूबवरची आणि माझ्या इटालियन डबीवरची यादी मी शेजारी ठेवून वाचली तेव्हा थोडा ओशाळलो. घराणं एकच निघालं.

आता खरा प्रयोग. जुलै लागला होता आणि घरात मी एकटा गिऱ्हाईक होतो ज्याची दाढी करायला सरकारची मनाई नव्हती. डाव्या गालाला एक, उजव्या गालाला दुसरं. पप्पांनी वस्तरा चालवायचा, मी त्यांना सांगायचं नाही की कुठल्या बाजूला काय आहे. मी वडी, ट्यूब आणि फोम यांची अदलाबदल करत होतो. चौथ्या दिवशी पप्पा थांबले. "साबण बदलू नको, आधी पाणी बदल. हे बोअरचं आहे."

जाफराबाद खेळणा आणि पूर्णेच्या संगमाजवळ आहे. नदीकाठचं गाव, पण नदी वर्षातला मोठा काळ वाळूच दाखवते, त्यामुळे वापरायला पाणी बोअरचं. आमच्या खाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. असल्या पाण्यात डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल पांढरी होते आणि साबणाला फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला नेमका शब्द होता, दुष्फेन पाणी. दहावीत तो घोकून लिहिला, अर्थ या खुर्चीत बसल्यावर कळला. कॅल्शियम साबणाच्या आम्लाला पकडतं आणि न विरघळणारी साय बनवतं. जो साबण निसरडा थर होणार होता, तोच बादलीच्या कडेला पांढऱ्या रेघेसारखा बसतो.

मग आम्ही तीन पाणी घेतली: बोअरचं, पिण्याच्या जारचं, आणि पत्र्यावरून पातेल्यात धरलेलं पावसाचं. वडीचा साबण बोअरच्या पाण्यात गालावरच बसला. दुसऱ्या फेरीला वस्तरा अडला आणि हनुवटीखाली रक्त आलं. तीच वडी पावसाच्या पाण्यात अशी काही चालली की पप्पांनी फेस पुसून टाकल्यावरही नुसत्या मागे राहिलेल्या ओलाव्यावर वस्तरा फिरवून दाखवला. स्लिकनेसची खरी परीक्षा हीच आहे: फेस गेल्यावर काय उरतं. ट्यूबच्या क्रीममध्ये पाण्यामुळे फरक पडला, पण कमी. बऱ्याच क्रीममध्ये कॅल्शियमला आधीच बांधून ठेवणारं ईडीटीए घातलेलं असतं, ते साबणाला वाचवतं. डब्यातल्या फोमला आपलं पाणी लागतच नाही, दिसतोही भरगच्च, पण त्यात हवाच जास्त. एक फेरी झाली की खाली फारसं काही शिल्लक नसतं. इटालियन क्रीम पावसाच्या पाण्यात अप्रतिम. स्वस्त ट्यूब पावसाच्या पाण्यात जवळजवळ तितकीच. आणि बोअरच्या पाण्यात दोन्हींचा तोरा उतरला.

तेव्हा मला कळलं की पप्पा दुकानात ब्रश बुडवायला जारचं पाणी का वापरतात. मला लहानपणापासून वाटायचं, दिखावा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात, जालना जिल्हा टँकरवर होता तेव्हा, यावरून आई-पप्पांचं भांडण झालेलं मला आठवतं. प्यायला जार पुरत नाही आणि हा माणूस लोकांच्या गालाला लावतोय.

आबांना हे सगळं दाखवलं. ते हसले. गावात ज्या घरी विहिरीचं पाणी जड होतं, तिथं ते नदीचं मागायचे, नाहीतर तापवून, गाळ बसू देऊन घ्यायचे. पाणी उकळलं की त्यातला काही जडपणा खाली बसतो, हे मी अकरावीच्या रसायनशास्त्रात शिकलो. त्यांनी कातडीवर शिकलं.

पण मला एक गोष्ट सुटत नव्हती. पाण्यावर इतकं छान चालत होतं, तर साबण आलाच का? नवरदेवापुरता न राहता सगळ्यांच्या गालावर कसा गेला?

आबांचं उत्तर होतं, "बहात्तर."

१९७२ चा दुष्काळ. खळ्यावर धान्यच नाही, तर बलुतं कसलं? आबा इतरांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन राहिले. तळहाताला घट्टे पडले. त्या हातानं वस्तरा धरायला नको वाटायचं, म्हणाले, कारण बोटाला गाल कळत नव्हता. पाऊस आल्यावर बलुतं पूर्वीसारखं सुरू झालं नाही. ज्यांची देण्याची ऐपत होती त्यांनीही हात आखडला. आबा गाव सोडून जाफराबादला आले आणि आठवडी बाजारात एका झाडाखाली पोतं टाकून बसले. आता प्रत्येक दाढीचे रोख पैसे.

रोखीबरोबर रांग आली. बाजाराच्या दिवशी माणसाला बैल विकायचाय, मीठ-मिरची घ्यायचीय, एसटी गाठायचीय. त्याच्या गालावर दहा मिनिटं पाणी चोळत बसलं तर तो उठून पुढच्याकडे जातो. साबण त्या घाईसाठी आला. तो वस्तरा अधिक पळवतो म्हणून नव्हे, पाणी लवकर जिरवतो म्हणून. पुढे पप्पांनी १९९१ मध्ये बसस्टँडजवळ दुकान टाकलं तेव्हा वडी जाऊन ट्यूब आली, कारण वडीवर ब्रश फिरवायलाही वेळ जातो. त्याच सुमारास एड्सबद्दलची भीती खेड्यापाड्यांत पोचली आणि गिऱ्हाईक "ब्लेड नवीन टाक" म्हणू लागलं. घरातला लोखंडी वस्तरा गेला, अर्धं ब्लेड मोडून बसवायचा उस्तरा आला. सहाण आई मिरचीच्या ठेच्यासाठी वापरायला लागली. माझ्या पिढीला तर फोमचा डबाच माहीत, मीटिंगच्या आधी दोन मिनिटांत. साबणाच्या या वाटचालीत गाल दर वेळी सुधारलाच असं मला म्हणवत नाही. वेळ मात्र दर वेळी वाचला.

इथपर्यंत हा लेख सरळ होता. मी तो असाच संपवणार होतो. मग आबांना सहज विचारलं की गावात रोज किती घरं व्हायची. त्यांनी गल्लीवार मोजली. पाटीलवाडा, कुणब्यांची आळी, तेल्याचं घर, मशिदीमागची घरं. मी म्हणालो, "आणि बौद्धवाडा?"

ते गप्प राहिले. मग म्हणाले, "तिकडं आपण जात नव्हतो."

आमच्या समाजाच्या मेळाव्यात भाषणं ठरलेली असतात. संत सेना महाराज. पन्हाळ्यावरून महाराज निसटले तेव्हा त्यांच्या वेशात मरण पत्करणारे शिवा काशीद. १९४३ मध्ये सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेले भाई कोतवाल. आणि १८९० चा तो प्रसंग: नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन यापुढे आम्ही करणार नाही. हातात वस्तरा असलेल्या माणसांनी नाही म्हटलं. हे ऐकताना माझीही छाती फुगते, आणि फुगावी.

दुसऱ्या नकाराचा मात्र कोणी उल्लेख करत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलंय की साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही, पण अस्पृश्याच्या केसाला हात लावायला एकही न्हावी तयार नसे. भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची, करून करून तिचा हात बसला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आहे. मी ते हॉस्टेलवर मोबाइलवर वाचलं होतं. वाचताना तो न्हावी कोणीतरी परका होता.

"कायदा होता ना आबा? १९५५ चा?"

"कायदा तालुक्याला होता," आबा म्हणाले. "वाटी पाटलाच्या ओट्यावर होती. तीच वाटी तिकडं नेली असती तर दुसऱ्या दिवशी कोणी मला ओट्यावर चढू दिलं नसतं. बलुतं कोण देणार होतं?" थोड्या वेळानं म्हणाले, "मलाबी तसं वाटत नव्हतं असं नाही. वाटायचंच. खोटं कशाला बोलू."

ते वाक्य मी लिहून ठेवलं. आबा स्वतः कोणत्याही ओट्यावर खाली बसायचे, सकाळी सकाळी न्हाव्याचं तोंड दिसलं म्हणून शिव्या खायचे. तरी त्यांच्याही खाली एक वाडा होता, आणि तिथली माणसं एकमेकांची दाढी स्वतःच करायची. साबणानं की पाण्यानं, ते मला ठाऊक नाही. त्यांच्या वाट्याला कुठलं पाणी होतं, हा प्रश्न तर दाढीच्याही आधीचा.

झाडाखालच्या बाजारात काय झालं, हे मग मी पप्पांकडून काढून घेतलं. बाजारात कोणी जात विचारून पोत्यावर बसत नव्हतं, रोख द्यायचं आणि गाल पुढे करायचा. आबा तिथं बघूनही न बघितल्यासारखं करायचे. खरी अडचण दुकानात झाली. खुर्ची एक, ब्रश एक, आरसा एक. दुकान उघडून महिना-दोन महिने झाले असतील. आबांच्या जुन्या गावचे एक शिक्षक आले, बौद्धवाड्यातले. आबा दुकानात होते. दोघांनी एकमेकांना ओळखलं. गुरुजी खुर्चीत बसले आणि म्हणाले, दाढी.

आबा उठून बाहेर गेले. पप्पा तेव्हा पंचविशीचे. त्यांनी ब्रश ओला केला, ट्यूब पिळली आणि फेस लावला. बाकावर बसलेले दोघे जण उठले. एक परत आला, एक आला नाही. त्याची दाढी पुढची कित्येक वर्षं समोरच्या दुकानात झाली.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. हात इतका थरथरत होता की मी नुसता ब्रशच फिरवत बसलो. दहा मिनिटं फेसच लावला. गुरुजी म्हणाले, बाळ, पुरे, भिजली."

पप्पा हे सांगताना हसत होते. मग म्हणाले, इतकी छान दाढी त्यांनी नंतर क्वचितच केली, वस्तरा कुठं अडलाच नाही.

रोखीनं सगळं बदललं असा निष्कर्ष मी काढणार नाही. अमुक गावात सलूनवाल्यानं दलितांचे केस कापायला नकार दिला, अशा बातम्या मी फोनवर अजूनही वाचतो. पप्पांच्या दुकानात तसं होत नाही, पण ते आबांना चुकीचं ठरवत नाहीत, आणि आबांनी त्या दिवसाबद्दल पप्पांना आजवर एक शब्द विचारलेला नाही. तीस वर्षं दोघं एकाच घरात जेवतात.

दाढीची बंदी पुढे उठली, खोकं दुकानात परत गेलं. इटालियन डबी पप्पांनी नवरदेवांसाठी वेगळी काढून ठेवली आहे. मी आता महिन्यातून एकदा घरी येतो आणि रविवारी आबांची दाढी मीच करतो. त्यांचे हात कापतात, आणि पप्पांना रविवारी सवड नसते. मी क्रीम लावायला गेलो की ते डोकं मागे घेतात. पितळेची वाटी पुढे करतात. मी जारचं पाणी ओततो, बोटं बुडवतो, गाल चोळतो. मला गप्पा मारता येत नाहीत, म्हणून मी मनात सेकंद मोजतो. पुरेसे झाले असं वाटून वस्तरा उचलतो.

"थांब," आबा म्हणतात, "जिरलं नाय अजून."